आधी ब्लॉक मागा

कर्करोगाच्या गाठीचा तुकडा तपासणीला जातो तेव्हा तो मेणात बसवतात. जाळीदार प्लास्टिकच्या डबीला चिकटलेला पांढुरका ठोकळा, काडेपेटीहून लहान. रुग्णालयात सगळे त्याला ब्लॉक म्हणतात. माझ्या दाजींचा ब्लॉक मी चष्म्याच्या घरात ठेवून, दुसऱ्यांदा तपासून घ्यायला, ठाण्याहून खारघरला नेला. एप्रिल होता. मेण वितळेल या धास्तीने ऐरोली जाईपर्यंत पर्स पंख्याखाली धरून उभी राहिले. ते मेण साठेक अंशांना वितळतं हे नंतर कळलं. ट्रान्स हार्बरचा डबा अजून तरी तेवढा तापत नाही.

तो हाती पडायला चार दिवस गेले होते. ज्या लॅबने तुकडा तपासला तिथला काउंटरवरचा मुलगा आधी म्हणाला, "ब्लॉक पेशंटला देत नाही." मग म्हणाला, डॉक्टरांचं पत्र आणा. पत्र नेलं तर सही करणारे साहेब रजेवर. गाठ दाजींच्या गळ्यातली, तपासणीचे पैसे दाजींचे, आणि उसने मागायला आल्यासारखे उभे आम्ही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला कोपरखैरण्याला, कामाला वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात, माथाडी टोळीचे मुकादम. दिवाळीत त्यांचा आवाज बसला. ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, मेडिकलवाल्याने आपल्या मनाने दिलेल्या गोळ्या झाल्या. ओरडण्याचंच काम, आवाज बसणारच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. दोन-तीन आठवड्यांवर आवाज बसलेला राहिला तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने घसा बघून घ्यावा, एवढी साधी गोष्ट घरात एकालाही माहीत नव्हती, मलाही नाही. फेब्रुवारीत घास अडकू लागला तेव्हा कुठे दुर्बीण घातली गेली. स्वरतंतूंच्या वरच्या अंगाला गाठ. तुकडा काढला, रिपोर्ट आला: 'पुअरली डिफरन्शिएटेड मॅलिग्नन्सी'. म्हणजे कर्करोग आहे, पण पेशी कुठल्या घराण्यातल्या ते नुसत्या रूपावरून सांगता येत नाही.

ठाण्यातल्या एका खासगी रुग्णालयातल्या सर्जननी पुढच्या सोमवारची तारीख दिली. स्वरयंत्र पूर्ण काढायचं, गळ्याला कायमचं भोक ठेवायचं. ताईला त्यांनी विचारलं, "जीव महत्त्वाचा की आवाज?" असं विचारल्यावर कुठली बायको वेगळं काही बोलेल?

मी बँकेत 31 वर्षं काढली, कागदाची शेवटची ओळ वाचायची खोड आहे. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की प्रकार नक्की करण्यासाठी इम्युनो तपासणी, म्हणजे पेशींवरच्या खुणा रंगवून ओळखायची तपासणी, करून घ्यावी. ती झाली नव्हती. ती करायची आहे असं आम्हाला कोणी सांगितलंही नव्हतं. त्या ओळीपायी ब्लॉकची ही वारी.

दुसऱ्यांदा तपासलं तेव्हा पेशी सीडी 138 नावाच्या खुणेच्या चाचणीत तपकिरी झाल्या. गाठ निघाली प्लाझ्मा पेशींची, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशींची. प्लाझ्मासायटोमा. अशी गाठ हाडांतल्या मगजाच्या, म्हणजे अस्थिमज्जेच्या, बाहेर झाली तर बहुतेक वेळा नाक-घशाच्या पट्ट्यात होते, पण स्वरयंत्रात फारच क्वचित. आणि तिचा स्वभाव असा की किरणांपुढे ती टिकत नाही. साधारण 45 ते 50 ग्रे एवढी मात्रा पाच आठवड्यांत विभागून दिली की बहुसंख्य रुग्णांत ती जागच्या जागी विरते, सुरी लावायची वेळच सहसा येत नाही. मगज तपासला, रक्तातली प्रथिनं तपासली, पेट स्कॅन झाला. आजार इतरत्र नव्हता. दाजींना 25 वेळा 'लाईट' म्हणजे किरण दिले. स्वरयंत्र जागेवर आहे.

आता मुद्द्याचं. ज्याचं पूर्ण स्वरयंत्र काढायचं ठरतंय त्याचा ब्लॉक दुसऱ्या, डोक्या-मानेच्या गाठी रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टने वाचल्याशिवाय, आणि सर्जन, किरणोपचाराचे डॉक्टर व केमोचे डॉक्टर यांनी एका टेबलाशी बसून नावानिशी सह्या केल्याशिवाय, ऑपरेशनची तारीख पडता कामा नये. जिथे सरकारी योजनेचे पैसे लागतात तिथे ही अट सरकारने घालावी. आणि ज्याचं स्वरयंत्र वाचलं त्याचा आवाज आणि घास परत आणण्याचा खर्च उपचाराच्याच खर्चात धरावा. दाजींची गोष्ट हजारात एखादी, हे मला कबूल आहे. पण नेहमीचा रोगी नेहमीच्या वाटेने नीट पोचतो. वाट चुकते ती या हजारातल्या एकाची, आणि एकदा काढलेलं स्वरयंत्र परत बसवता येत नाही.

स्वरयंत्र म्हणजे बोलायची पेटी अशी आपली समजूत असते, म्हणून तर 'जीव की आवाज' हा सवाल खपतो. बोलणं हे त्याचं नंतरचं काम. पहिलं काम राखणदाराचं: घास गिळताना वाट बंद करायची, अन्न फुफ्फुसात जाऊ द्यायचं नाही. दुसरं काम मला बाजारात उमजलं. दाजींच्या टोळीतला एक पोरगा 50 किलोची गोणी पाठीवर घेताना क्षणभर श्वास कोंडतो आणि मग उठतो. तो श्वास कोंडला जातो स्वरयंत्र मिटतं म्हणून. पेटी काढलेल्या माणसाला छाती अशी बांधून धरता येत नाही, त्यामुळे जड उचलणं अवघड जातं. श्वास नाकातून जात नाही, म्हणून वास कळेनासा होतो. आंघोळ सांभाळून, पोहणं बंद, आणि कांद्याच्या टरफलांची धूळ थेट श्वासनळीत. हमालाचं स्वरयंत्र काढलं तर त्याच्या आवाजाबरोबर त्याची रोजीही जाते. सवाल विचारायचाच तर तो पूर्ण विचारावा.

स्वरयंत्र काढायचं पहिलं मोठं ऑपरेशन व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी 1873 च्या अगदी शेवटच्या दिवशी केलं. त्यानंतर शंभरेक वर्षं वाढलेल्या आजारावर तोच राजमार्ग होता. तो बदलला 1991 साली, अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या एका अभ्यासाने. 332 रुग्ण. एका गटाचं स्वरयंत्र काढून वर किरण दिले, दुसऱ्याला आधी केमो आणि मग किरण. दोन वर्षांनी दोन्ही गटांत 68 टक्के लोक जिवंत होते, फरक नाही. पण दुसऱ्या गटातल्या 64 टक्क्यांचा गळा शाबूत होता. पुढे 2003 साली आणखी एका मोठ्या अभ्यासात दिसलं की केमो आणि किरण एकाच वेळी दिले तर दोन वर्षांनी 88 टक्क्यांचं स्वरयंत्र टिकतं. पहिल्या टप्प्यातला स्वरतंतूंचा कर्करोग तर नुसत्या किरणांनी किंवा तोंडातून लेझर घालून साधारण दहातल्या नऊ जणांचा आटोक्यात येतो. त्याला तोफखाना लागत नाही. ठाण्यात घोडबंदर रस्त्याला नव्या यंत्रांचे मोठमोठे फलक बघते तेव्हा मला हसू येतं. अशा गाठी साध्या कोबाल्ट यंत्रावरही वर्षानुवर्षं बऱ्या झाल्यात. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने असं देशी यंत्र घडवलं, भाभाट्रॉन, ते पहिल्यांदा बसलं खारघरलाच, टाटा स्मारकाच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात. त्याच आवारात आता प्रोटॉनचं भलंमोठं यंत्रही आहे. लहान मुलांच्या आणि कवटीच्या तळाच्या गाठींना त्याचं मोल फार. प्रत्येक घशाला ते लागतं असं मात्र नाही.

पण हे सगळे आकडे एका जातीच्या गाठीचे आहेत. स्वरयंत्राच्या 90 टक्क्यांहून जास्त गाठी स्क्वॅमस, म्हणजे अस्तराच्या चपट्या, पेशींच्या असतात आणि अभ्यास त्यांच्यावर होतात. उरलेल्या मूठभरांवर शेकड्यांनी रुग्ण जमवून अभ्यास कोण आणि कधी करणार? त्या प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. दाजींची किरणांनी विरणारी. लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग, असेल तर तिथेही सुरीचं काम तुकडा काढण्यापुरतं. लहान पेशींची न्यूरोएंडोक्राइन गाठ लवकर पसरते, म्हणून तिथे केमो आणि किरण. नुसता गळा रिकामा करून हाती काही लागत नाही. उलट कूर्चेची गाठ, काँड्रोसार्कोमा, किरणांना फारशी दाद देत नाही, तिथे सर्जनच हवा. आणि ती इतक्या धिमेपणाने वाढते की पुष्कळदा थोडंसं कापून स्वरयंत्र राखता येतं. अ‍ॅडिनॉइड सिस्टिक ही लाळग्रंथींच्या जातीची गाठ हळूहळू, नसांच्या कडेने सरकणारी, आणि वर्षांनी फुफ्फुसात उगवणारी. तिला सहसा सुरी आणि किरण दोन्ही लागतात. म्हणजे गाठीचं नाव चुकलं की उपचारही चुकतो. डोळ्यांना त्या सगळ्या दुर्बिणीत जवळपास सारख्याच दिसतात, सुजलेला लालसर गोळा.

नाव चुकण्याची उलटी तऱ्हाही आहे, आणि तिची गोष्ट जर्मनीच्या राजघराण्यातली. युवराज फ्रेडरिकचा आवाज 1887 च्या सुरुवातीला बसला. जर्मन सर्जन मे महिन्यात ऑपरेशनच्या तयारीत होते. इंग्लंडहून घशाचे डॉक्टर मोरेल मॅकेन्झी आले, त्यांनी तुकडा काढला. तो तपासला रुडॉल्फ फिर्कोव्ह यांनी, पॅथॉलॉजीचा त्या काळचा सगळ्यांत मोठा माणूस. कर्करोग दिसत नाही, असं त्यांचं मत पडलं. पुन्हा तुकडे, पुन्हा तेच. ऑपरेशन टळलं. फेब्रुवारी 1888 मध्ये श्वासासाठी गळ्याला भोक पाडावं लागलं. मार्चमध्ये वडील वारले, फ्रेडरिक सम्राट झाला, आणि राज्यकारभार चिठ्ठ्या लिहून केला. 99 दिवसांनी गेला. आवाज वाचवायच्या नादात जीव गेला असं म्हणायला ही गोष्ट हमखास सांगतात. मी तिच्यातून दुसरंच घेते: पुढच्या काळात काही डॉक्टरांनी अंदाज बांधला की ती चामखिळीसारखी दिसणारी व्हेरुकस जातीची, फसवी गाठ असावी. वरवरचा तुकडा तिचं खरं रूप दाखवत नाही. सर्जन एकीकडे, मॅकेन्झी दुसरीकडे, वर्तमानपत्रांतून एकमेकांवर चिखलफेक. सम्राटाची ही कथा, तर कोपरखैरण्याच्या मुकादमाची काय मातब्बरी.

सर्जनच्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर हा लेख किरणोपचारांची जाहिरात ठरेल. कर्करोग कूर्चा फोडून बाहेर पडला असेल, स्वरयंत्र आधीच निकामी होऊन रोज अन्न श्वासनळीत उतरत असेल, तर काढणंच शहाणपणाचं. किरण देऊन जागेवर ठेवलेलं, पण ना बोलू देणारं ना गिळू देणारं स्वरयंत्र हे नुसतं ओझं आहे. नाकातून नळी आणि वारंवार न्यूमोनिया. अमेरिकेत केमो-किरणांची लाट आल्यावर स्वरयंत्राच्या कर्करोगातून वाचणाऱ्यांचं प्रमाण घटल्याचं दिसलं, आणि वाढलेल्या आजारातही सरसकट गळे राखल्यामुळे तसं झालं का, यावर तिथे बराच वाद झाला. शिवाय पेटी काढली म्हणजे माणूस मुका झाला असंही नाही. श्वासनळी आणि अन्ननळीच्या मध्ये छोटा व्हॉल्व्ह बसवून लोक चांगलं बोलतात. परदेशी व्हॉल्व्ह हजारोंच्या घरात जातो आणि तो पुन्हा पुन्हा बदलावा लागतो, म्हणून बंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी पन्नासेक रुपयांत बसेल असा देशी व्हॉल्व्ह घडवला. ज्या सर्जनने दाजींना तारीख दिली तो वाईट माणूस होता असं मी म्हणत नाही. गाठ स्क्वॅमस असती आणि तेवढी पुढे गेलेली असती तर त्यांचंच बरोबर ठरलं असतं. पण त्यांच्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं. ज्या दारातून आत जाल तोच उपचार, ही आपल्याकडची रीत झालीय.

उशीर होईल, हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. होतोच. स्क्वॅमस कर्करोगात तर किरणोपचार ठरल्या मुदतीपेक्षा एकेक दिवस लांबला की यशाची शक्यता साधारण एकेक टक्क्याने घटते, हे अभ्यासांतून दिसलंय. पण आमचे चार दिवस खाल्ले ते काउंटरने, तपासणीने नाही. रुग्णाने हिंडायचं कारण नाही, काच (तुकड्याची स्लाइड) आणि ठोकळा हिंडला तरी पुरे. देशात 2012 पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड आहे, तीनशेहून जास्त केंद्रं त्यात जोडलेली आहेत, अवघड रुग्णांवर दूरस्थ बैठका होतात. मुरबाडच्या माणसाची काच खारघरला पोचायला गाडीचा खर्च किती? ट्यूमर बोर्ड, म्हणजे डॉक्टरांची अशी एकत्र बैठक, हा शब्द सरकारी कागदांना नवा नाही. शब्द आहे, पण कोण बसलं, काय ठरलं, कोणाचं मत वेगळं पडलं याचं टिपण रुग्णाच्या फाइलीत आम्हाला तरी कुठे दिसलं नाही. बँकेत पाच लाखांचं कर्ज द्यायला आम्ही तिघांच्या सह्या घ्यायचो.

पाच लाखांवरून आठवलं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा कुटुंबामागे दीड लाखावरून पाच लाखांवर गेली, चांगलं झालं. दाजींच्या लाईटचे पैसे रेशनकार्डावर योजनेतून गेले, एक रुपया लागला नाही, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन. पण योजनेचा जीव पॅकेजात. ऑपरेशनचं पॅकेज, किरणांचं पॅकेज. 25 वी फेरी झाली की फाइल बंद. आणि किरणोपचारात खरी कुस्ती तिथून सुरू होते.

त्यांचा मास्क मी पाहिला. गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी तोंडावर दाबून बसवतात, निवली की कडक होते, मग ती टेबलाला खटाखट अडकवतात. "लग्नात मुंडावळ्या इतक्या घट्ट नव्हत्या," दाजी पहिल्या दिवशी म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात चव गेली. लाळ गोंदासारखी. ताई नाचणीची आंबील, अंडं घालून फिरवलेला भात, ताक असं चमच्याने भरवायची, ते भिंतीकडे बघत गिळायचे. मान काळवंडली. आवाज आधी होता त्याहून बसला. तसं व्हायचंच, सूज उतरली की सुधारतो, असं डॉक्टर मॅडमनी आधी सांगितलं होतं, तरी घरातले हबकले. रोज कोपरखैरण्याहून खारघर, पनवेल गाडीच्या दिव्यांग डब्यातून. कर्करोगाच्या रुग्णाला तिथे बसता येतं. एकदा एका गृहस्थांनी हटकलं, "तुम्हाला काय झालंय? धडधाकट तर दिसताय." गाडीच्या खडखडाटात दाजींचा आवाज उमटेना. त्यांनी गळ्याचा रुमाल खाली ओढला आणि मान दाखवली. गृहस्थ उठून दाराशी जाऊन उभे राहिले, जुईनगरपर्यंत.

गिळायचे स्नायू वापरले नाहीत तर किरणांनंतर ते आखडतात, म्हणून व्यायाम उपचार चालू असतानाच सुरू करायचे असतात. जीभ दातांत अलगद धरून आवंढा गिळायचा. उताणं पडून, खांदे न उचलता, नुसतं डोकं उचलून पायांचे अंगठे बघायचे. हे शिकवणाऱ्या स्पीच थेरपिस्ट बाई आम्हाला शोधाव्या लागल्या. एका वेळेचे 600 रुपये, आमच्या खिशातून. त्यांनी पहिली ताकीद दिली ती कुजबुजायचं नाही. आम्हाला वाटत होतं हळू बोललं की घशाला आराम. कुजबुजण्याने ताण उलट वाढतो. आयुष्यभर ओरडलेला माणूस, त्याला मधल्या पट्टीत बोलायला शिकवायचं! बाईंनी वाचायला उतारा दिला तर दाजी चष्मा पुसत बसले. मग बाईंनी विचारलं, कामावर दिवसभर काय बोलता? ट्रकमधून गोण्या उतरताना मोजतो, म्हणाले. वडिलांकडून आलेल्या खळ्यावरच्या सवयीने ते अजून एक म्हणत नाहीत, पहिल्या गोणीला 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन. तेच मग बाईंनी व्यायामाला धरलं: एका श्वासात किती गोण्या.

मे अखेरीस चारवर दम संपायचा. जुलैत अकरा झाल्या. या आजाराचं काही जणांत पुढे मगजाच्या आजारात, मायलोमात, रूपांतर होतं, म्हणून रक्ताच्या आणि दुर्बिणीच्या तपासण्या वर्षानुवर्षं चालू राहणार; त्यांच्या तारखा फाइलीवर छापून मिळतात. बाईंची तारीख मी हाताने लिहिते. गेल्या मंगळवारी सतरा गोण्या झाल्या. बाईंनी वहीत आकडा टिपला, 600 ची पावती फाडली, आणि ती लावायला फाइलीत रकाना नाही म्हणून मी टाचणीने मागच्या पुठ्ठ्याला लावून ठेवली.